आधी उलटा, मग सुलटा

रामजीकाका कुठल्याही वस्तूला सरळ हात लावत नसत. घरात आले की आधी ग्रिलला, मग फ्रीजला, मग नळाला आणि जाता जाता आमच्या स्टीलच्या पिंपालासुद्धा ते हाताची मागची बाजू टेकवून बघत आणि मगच खुर्चीत बसत. खुर्ची लाकडी असली तरी तिचीही तपासणी होई. पुतण्याच्या लग्नात नवी सून त्यांच्या पाया पडायला वाकली, तेव्हा आशीर्वादाचा हातही तिच्या डोक्यावर आधी उलटा टेकला आणि मग सुलटा झाला, हे मी या डोळ्यांनी पाहिलं आहे. ती बिचारी दचकली. मांडवातल्या बायका तोंडाला पदर लावून हसल्या. काकांच्या मात्र लक्षातही आलं नाही.

माझी त्यांची ओळख २०१४ सालची. तलासरीच्या शाळेत विज्ञानशिक्षक म्हणून मला नोकरी लागली आणि मी घोलवडला, आमच्या चिकूवाडीतल्या घरी परत राहायला आलो. पहिल्याच रविवारी अंगणात एक बुटका, काळाभोर, पांढऱ्या मिशांचा माणूस माझ्या मोटरसायकलला उलटा हात लावून बघताना दिसला.

"काका, मोटरसायकलला कुठे करंट येतो?" मी शिक्षकी हसून विचारलं.

"आला तर तू सांगणार?" त्यांनी विचारलं आणि गाडीला टेकून बिडी पेटवली. "काय शिकवतो तू पोरांना?"

"सायन्स."

"मंग बरोबर," ते म्हणाले. काय बरोबर ते काही सांगितलं नाही. त्या दिवसापासून माझं नाव 'सायन्स' पडलं, ते त्यांनी शेवटपर्यंत चालवलं. माझ्या आईवडिलांनी पंचांग बघून ठेवलेलं नाव त्यांना माहीत होतं की नाही, याची मला आजही शंका आहे.

रामजीकाका डहाणूजवळच्या आगर गावचे. घराणं तांडेलाचं, म्हणजे बोट चालवणाऱ्यांचं. आजा, बाप, चार भाऊ सगळे समुद्रावर. रामजीकाकांना मात्र बोट लागायची. किनारा सुटून पाव तास झाला की ते काठावरून वाकायचे, ते परत येईपर्यंत. "आमच्या सात पिढ्यांत मी एकटा," ते अभिमानाने सांगत. "बापानं दोन वर्सं बघितला. मंग बोलला, रामज्या, मासे धरायला जातो आपण, त्यांना जेवायला घालायला नाय. उतर खाली." उतरले ते डहाणूत एका वायरमनच्या हाताखाली लागले आणि पुढे चाळीस वर्षं कैनाडपासून घोलवडपर्यंतच्या वाड्या, पंप, गिरण्या आणि गणपतीचे मांडव त्यांनी उजळवले. क्वचित विझवलेही.

विजेला ते 'बाय' म्हणत. विजेचा उल्लेख कधी 'ती' सोडून केला नाही. "बायला घरी जायची घाई असते. सरळ रस्ता ठेवला तर सरळ जाते. नाय ठेवला तर कुंपणावरून उडी मारते. आणि कुंपणाला तू टेकलेला असला तर तुझ्यावरून जाते. तिचा काय दोष?" दहावीच्या वर्गाला मी विद्युतधारेचा जो धडा चार तास घेऊन शिकवत असे, तो काका असा चार वाक्यांत उरकून टाकत. वर पोरांना तो कळलाही असता.

उलट्या हाताचं शास्त्र त्यांनी मला पहिल्याच महिन्यात शिकवलं. "सुलट्या हातानं धरलीस, तर झटक्यात मूठ वळते. मंग तू तिला नाय धरलेली, तिनं तुला धरलेली. उलटा लावला, तर हात आपोआप माघारी फेकला जातो. म्हणून आधी उलटा, मग सुलटा." त्यांच्या रेक्झिनच्या पिशवीत टेस्टर, पक्कड, बल्बला दोन तारा जोडून केलेला तपासदिवा असं सगळं होतं. मीटर मात्र नव्हता. मी एकदा आणून देतो म्हटलं, तर चिडले. "मीटरला सेल लागतो. हाताला भात लागतो. भात माझ्या घरी हाय."

हे सगळं शहाण्या माणसाने करण्यासारखं नाही, हे मी विज्ञानाचा शिक्षक म्हणून इथे नोंदवतो. माझ्या नोंदीचा त्यांच्यावर काही परिणाम होत नसे.

आमच्या घरात काकांचं वजन वाढलं ते आईमुळे. आई धुण्याच्या मशीनला हात लावला की मुंग्या येतात म्हणायची. अप्पा, म्हणजे माझे वडील, म्हणायचे की वहम आहे. मी म्हणायचो, स्थिर विद्युत असेल. आमच्या घरात आईच्या कुठल्याही तक्रारीला ही दोनच उत्तरं मिळत, एक अडाणी आणि एक सुशिक्षित. काकांनी मात्र चपला काढल्या, ओल्या लादीवर अनवाणी उभे राहिले, मशीनला उलटा हात टेकवला आणि म्हणाले, "हाय. वहिनी खरं बोलतात."

आईच्या डोळ्यांत पाणी आलं. लग्नाला पस्तीस वर्षं झाली होती, आणि त्या घरात तिचं म्हणणं पहिल्याच फटक्यात कोणी खरं धरलं, असं ते एवढं एकदाच झालं होतं. त्या दिवसापासून रामजीभाऊंना आमच्याकडे दोन वेळा चहा आणि मागतील तेवढे चिकू. ते मागतही भरपूर. साखरेचं दुखणं असताना बसल्या बैठकीला सात-आठ चिकू संपवत आणि "फळ हाय, मिठाई नाय" असं डॉक्टरलाच समजावत.

त्याच वेळी त्यांनी अप्पांशी भांडून आमच्या घराला तो खटका बसवला. वीज कुठे भलतीकडे गळायला लागली की आपोआप पडणारा आणि अख्ख्या घराचा पुरवठा तोडणारा खटका. अप्पांना तो मुळीच पटला नव्हता. काकांनी त्यांना समजावलं ते असं: "अप्पाशेठ, आगरच्या किनाऱ्यावरून दहा बोटी गेल्या, तर दहा परत यायला पायजेत. नऊच आल्या, तर गावात कोणाची चूल पेटत नाय. हा खटका तसाच. जेवढी बाय गेली तेवढी परत नाय आली, तर हा सगळं बंद करून बसतो." अप्पांनी मान डोलावली. ती बोटीच्या गोष्टीला डोलावलेली होती, खटक्याला नव्हे, हे आम्हाला पुढे कळलं.

२०१६ च्या पावसाळ्यानंतर अप्पांनी डबा आणला.

उंबरगावकडच्या शूटिंगवाल्यांनी मोडीत काढलेली ती चाकांवरची खोली होती. गाडीच्या मागे जोडून न्यायची. बाहेरून पत्रा, आतून प्लायवूड, पलंग, बेसिन, मोठा आरसा, भिंतींच्या पोटात लपवलेलं वायरिंग. तिला कॅरवॅन म्हणतात हे अप्पांना ठाऊक होतं, पण घोलवडने पहिल्या दिवसापासून तिला डबा म्हटलं. अप्पांनी ती ट्रॅक्टर लावून ओढत आणली आणि वाडीतल्या सगळ्यात जुन्या चिकूच्या सावलीत उभी केली. पाहुणे येतील, चिकूच्या झाडाखाली झोपतील, सकाळी स्वतःच्या हाताने फळं उतरवतील, असं त्यांचं स्वप्न होतं. बघायला आलेला प्रत्येक शेजारी "अप्पा, इंजिन कधी येतंय?" विचारून जायचा. अप्पा वरवर हसायचे आणि जेवताना दोन पोळ्या कमी खायचे.

दसऱ्याला आईने डब्याची पूजा केली. ट्रॅक्टरची होते, पंपाची होते, चिकू उतरवायच्या जाळीच्या काठ्यांची होते, मग डब्यानेच काय घोडं मारलं होतं? नारळ फोडला, हळदकुंकू लावलं, दाराला झेंडूचं आणि आंब्याच्या पानांचं तोरण बांधलं. तोरण चिकटपट्टीवर टिकेना, तेव्हा अप्पांनी दाराच्या वरच्या दोन्ही कोपऱ्यांत चांगले तीन इंची खिळे ठोकले. मी खाली उभा राहून "अजून जरा डावीकडे" म्हणत होतो. हे सगळं मी मुद्दाम सांगतो आहे.

दसऱ्यानंतर आठवड्याने रामजीकाकांनी घरातून डब्यापर्यंत केबल टाकून दिली, पत्र्याला अर्थिंग जोडलं, दिवे लावून दाखवले आणि चिकू खाऊन गेले. दुसऱ्या दिवशी सकाळी आईने चटणीसाठी मिक्सर लावला आणि घरातला खटका पडला.

उचलला, टिकला. मिक्सर लावला, पडला. डब्यात कोणी नव्हतं, तिथले सगळे दिवे-पंखे बंद होते. मी विज्ञानशिक्षकाच्या अधिकाराने निकाल दिला, "डबा पूर्ण बंद आहे, म्हणजे दोष डब्यात असूच शकत नाही. दोष मिक्सरमध्ये आहे." नवा मिक्सर आला. खटका पडला. मग इस्त्रीवर पडला, गीझरवर पडला. तीन दिवसांत आमच्या घरात प्रत्येकाने प्रत्येकावर आळ घेऊन झाला. आईने तर पाट्यावर चटणी वाटून अप्पांसमोर असा काही आवाज करत वाडगा ठेवला, की ते दुपारभर वाडीतच थांबले.

काका आले. त्यांनी सगळ्या वस्तू काढल्या, एकेक करून लावल्या, मग डब्याची केबल मुळातून उपटली आणि मिक्सर लावला. मिक्सर फिरला, खटका जागचा हलला नाही.

"सायन्स," ते म्हणाले, "डबा बंद हाय बोललास ना? बटण दाबून तू जायची तार तोडली. यायची कोण तोडणार, माझा बाप? ती जोडलेलीच हाय. डब्यात कुठंतरी यायची तार पत्र्याला चिकटलीय. वहिनी मिक्सर लावतात, बाय काम करून घरी जायला निघते, तिला दोन रस्ते दिसतात. थोडी तारेनं जाते, थोडी डब्यावरून जमिनीत. खटक्याच्या हिशेबी एक बोट कमी."

मी दहावीला हाच धडा शिकवत होतो. त्या आठवड्यात मी तो जरा भरभर संपवला.

काका म्हणाले, भिंतीचं प्लायवूड उघडावं लागेल, दोन दिवस लागतील. अप्पांकडे दोन दिवस नव्हते. शनिवारी त्यांचे कॉलेजातले मित्र नाशिकहून येणार होते, मुलगा-सून आणि दोन लहान नातवंडांसह. डब्याला हसणाऱ्या साऱ्या गावासमोर अप्पांना तो चालवून दाखवायचा होता. "रामजी, तो खटका काढून डायरेक्ट करून टाक ना. दोन दिवसांचा प्रश्न आहे."

"ते नाय होणार."

"सगळे करतात."

"सगळ्यांकडे मी नाय जात," काका म्हणाले. "खटका पडतो म्हणून त्याला काढता? उद्या कुत्रा भुंकतो म्हणून त्याला विष घालाल. मी सोमवारी येऊन भिंत उघडतो. तोवर केबल उपटलेली राहूद्या." चहा न घेता गेले. ही गोष्ट गंभीर आहे, हे तेवढ्यावरूनच कळायला हवं होतं.

शुक्रवारी मी शाळेत असताना अप्पांनी बाजारातून दुसरा एक वायरमन आणला. त्याने अर्ध्या तासात खटका बाजूला काढला, केबल नव्याने जोडली आणि जोडताना दोन तारांची अदलाबदल केली. ते त्याला कळलं नाही, अप्पांना कळलं नाही, आणि दिवे तर झकास लागले. अप्पांनी बाहेरचा दिवा दिवसाढवळ्या चालू ठेवला, रस्त्यावरून दिसावा म्हणून.

शनिवारी सकाळी पाहुणे येण्याआधी आईने डबा धुवायला काढला. अनवाणी, हातात पाइप. दाराची दांडी धरायला गेली आणि ओरडली. तिने उलटा हात लावला होता. दोन वर्षांत सवय लागली होती, काकांचीच. सुलटा लावला असता तर काय झालं असतं, याचा विचार मी आजही करत नाही.

अप्पा म्हणाले, वहम. आई माझ्याकडे वळून म्हणाली, "रामजीभाऊंना बोलाव. आत्ताच्या आत्ता."

काका आगरहून रिक्षाने आले. खटका काढून केबल पुन्हा जोडल्याचं अजून कोणी त्यांना सांगितलं नव्हतं. अप्पा माझ्याकडे असे बघत होते की मीही गप्प बसलो. गप्प बसलो, हे लिहायला लाज वाटते, पण बसलो. काकांनी दांडीला उलटा हात टेकवला. थांबले. "काय नाय."

"आहे," आई म्हणाली.

त्यांनी चपला काढल्या. चिखलात अनवाणी उभे राहिले. पुन्हा हात टेकवला, चांगला दाबून. टेस्टर लावला, तोही पेटला न पेटल्यासारखा झाला. "नाय हो वहिनी. वहम हाय तुमचा."

तो शब्द त्यांच्या तोंडून ऐकून आईचा चेहरा असा झाला की मला तिकडे बघवेना. अप्पांच्या नि माझ्या तोंडून तिने तो हजारदा ऐकला होता, त्याचं तिला काही वाटत नसे. पुढे झाली, काकांच्या हाताशेजारी, त्याच दांडीला, तिने आपला उलटा हात टेकवला. तिचा हात झटकन मागे फेकला गेला. काकांचा तिथेच होता.

काकांनी हात खाली घेतला आणि त्याच्याकडे बघत राहिले.

पुढच्या क्षणी ते असे ओरडले की चिकू उतरवणाऱ्या बायका धावत आल्या. "मेन बंद कर, सायन्स! आधी मेन!" मी धावलो. घरातल्या पेटीत खटक्याची जागा मोकळी होती. मेन पाडून परत आलो तेव्हा अप्पा मान खाली घालून सगळं सांगत होते, आणि काकांच्या तोंडून आगरच्या किनाऱ्यावरची जी भाषा बाहेर पडत होती, ती इथे लिहिता येणार नाही. अप्पाशेठ हा शब्द तेवढा मधूनमधून ओळखू येत होता. एवढं होऊन आईचं नुसत्या झटक्यावर निभावलं, ते काकांनी आधीच जोडून ठेवलेल्या अर्थिंगमुळे. बहुतेक वीज त्या वाटेने जमिनीत उतरत होती.

"आता पाहुणे येतील," आई मध्ये पडत म्हणाली, "ते सुकलेलं तोरण तरी काढते." स्टुलावर चढून तिने कोपऱ्यातल्या खिळ्याला हात लावला. "अगंबाई, हा खिळा गरम लागतोय."

काका स्टुलापाशी गेले. आई उतरली, ते चढले. खिळ्याला त्यांनी उलटा हात लावला, मग सुलटा, मग दोन बोटांत धरला. त्या बाजूची झेंडूची फुलं दुसऱ्या बाजूपेक्षा काळी पडली होती.

"गरम हाय?" त्यांनी आईला हळूच विचारलं.

"हो, रामजीभाऊ. चांगलाच."

त्यांनी पिशवीतून पक्कड काढली, खिळा उपटला आणि माझ्या हातात दिला. त्याच्या टोकाशी तांब्याचा लालसर ओरखडा होता. भिंतीच्या पोटातून जाणारी तार अप्पांच्या दसऱ्याच्या खिळ्याने सोलली होती, आणि तोच खिळा दुसऱ्या बाजूने पत्र्याला टेकला होता. आधी ती यायची तार होती, म्हणून नुसता खटका पडत होता. तारांची अदलाबदल झाल्यावर तीच जायची तार झाली, आणि खटका काढलेला.

अप्पा म्हणाले, "मी तर पूजेसाठी ठोकला होता."

"पूजेसाठीच ठोकतात," काका म्हणाले. "पुढचं फुलं वाहायचं काम आम्ही केलं असतं."

त्यांनी तार दुरुस्त केली, अदलाबदल निस्तरली, खटका परत बसवला आणि मिक्सर, इस्त्री, गीझर सगळं एकाच वेळी लावून दाखवलं. खटका ढिम्म. पाहुणे दुपारी आले. नाशिकची ती दोन पोरं दिवसभर दांडीला लोंबकळत होती. आई त्यांच्याकडे बघायची आणि पुन्हा पुन्हा आत जाऊन देवाला हात जोडायची.

काका मात्र लगेच गेले नाहीत. चिकूखाली बसून राहिले. मी चहा घेऊन गेलो तर म्हणाले, "सायन्स, हाताला कळायचं बंद का होतं?"

"साखरेमुळे होतं काका. नसा बधिर होतात."

"डॉक्टर पायाचं बोलला होता. हाताचं नाय बोलला." कप त्यांनी दोन्ही हातांनी धरला होता. तो गरम आहे की नाही हे त्यांना कळत असेल का, असं मला वाटलं आणि विचारायचा धीर झाला नाही. मग आई आली, तेव्हा ते उठून उभे राहिले. "वहिनी, मगाशी मी वहम बोललो. तो तुमचा नव्हता. माझा होता."

आई म्हणाली, "बसा. चिकू आणते."

"नको," काका म्हणाले. त्यांनी चिकू नाकारल्याचं मी पहिल्यांदा ऐकलं.

पुढची दोन-अडीच वर्षं ते काम करतच होते, आणि हात लावायची सवयही तशीच होती. एकदा कैनाडला शाळेतल्या एका सहकाऱ्याच्या पंपघरात मला ते अचानक दिसले. गिऱ्हाइकासमोर त्यांनी मोटरला ऐटीत उलटा हात टेकवला, विचारमग्न झाले आणि म्हणाले, "पाणी आणा जरा." माणूस पाणी आणायला गेल्याबरोबर पिशवीतून रुमालात गुंडाळलेला मीटर निघाला, दोन टोकं लागली, आकडा बघून झाला, मीटर परत रुमालात. माणूस आल्यावर म्हणाले, "हाय. थोडी हाय." मी दारात उभा होतो. आमची नजरानजर झाली.

बाहेर आल्यावर म्हणाले, "कोणाला बोलू नको."

"नाही बोलणार. सेल कुठून आणता?"

"डहाणूवरून. घोलवडात घेतले तर कळेल." आणि स्वतःच असे हसले की खोकला लागला.

रामजीकाका २०१९ मध्ये गेले. दुपारी जेवून खुर्चीत बसले, लाईट गेलेली होती, ती परत आली तेव्हा ते नव्हते. मुलगा जहाजावर नोकरीला, त्याला यायला दुसरा दिवस उजाडणार, म्हणून डहाणूहून काचेची बर्फपेटी आणली होती. आई, अप्पा आणि मी संध्याकाळी आगरला पोहोचलो तेव्हा त्या घरात वेगळाच गोंधळ चालला होता. पेटी चालू केली की घरातला खटका पडत होता. रामजी वायरमनच्या घरातला खटका, आणि तोही त्यांच्याच पेटीने पाडलेला. रडणाऱ्या बायका रडणं थांबवून खटक्याकडे बघत होत्या. ओटीवरचा एक पाहुणा म्हणाला, "एक दिवसाचा तर प्रश्न हाय, डायरेक्ट करून टाका."

"कोणी हात लावायचा नाही," हे आई म्हणणार असं मला वाटलं होतं. पण म्हणाले अप्पा. एवढ्या मोठ्याने, की पाहुणा ओटीवरून खाली उतरला.

काकांची पिशवी खुंटीला होती. रुमालातला मीटर मी सगळ्यांदेखत बाहेर काढला. मनातल्या मनात त्यांची माफी मागितली. पेटीची वायर एके ठिकाणी जोडलेली होती, वर नुसती चिकटपट्टी, आणि तो जोड पेटीखाली साचलेल्या पाण्यात बुडाला होता. वायर उपटली, जोड पुसून, नव्याने बांधून खुंटीला वर टांगला. पुन्हा चालू केली. खटका टिकला. "शिकला वाटतं," काकांची बायको डोळे पुसत म्हणाली. "ते बोलायचे, सायन्सला काय पण येत नाय."

दुसऱ्या दिवशी मुलगा आला. उचलायच्या आधी पेटी उघडली, तशी आई पुढे गेली. भोवती माणसं होती, कोणी घाई करत होतं. आईने वाकून काकांच्या कपाळाला आधी हाताची मागची बाजू टेकवली. आता कोणी हसलं नाही. थोडं थांबून तिने हात सुलटा केला, आणि ते त्यांना उचलायला आले तरी काढला नाही.